गाबोर अजून उठला नाही

सोमवारी सकाळी फोन वाजला तेव्हा हायदू लेहेल बुडापेस्टच्या आपल्या दोन खोल्यांच्या कचेरीत बसून एकच जप करत होता. गुरुवार, गुरुवार! गुरुवारी टिसा नदीकाठच्या एका लहानशा गावाचे नगराध्यक्ष डब्यांच्या कराराच्या कागदावर सही करणार होते. सही झाली तर कंपनी जगणार. नाही झाली तर दाराला कुलूप. तिसरी वाट देवानं ठेवलेली नव्हती.

कंपनीचं नाव सोमसेद, म्हणजे शेजारी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या स्वयंपाकघरात ठेवायचा एक बोलका डबा. सकाळी हाक मारायची, झोप लागली का विचारायचं, गोळ्यांची आठवण द्यायची, दुपारी जेवायला बोलवायचं. कॉलेजात असतानाच लेहेलला हे सुचलं. स्पर्धेत पहिला आला, वर्तमानपत्रात फोटो आला. बस चालवणाऱ्या त्याच्या बापानं तो कापून बसच्या काचेला आतून चिकटवला आणि प्रत्येक उतारूला दाखवला. गुंतवणूकदार आले, कॉफी प्यायले, पाठ थोपटून गेले ते गेलेच. घर फिरलं की वासेही फिरतात, म्हणतात ना? जिवाभावाचे सोबती एकेक करून व्हिएन्ना-बर्लिनच्या नोकरीला लागले. राहिली एकटी एमोके. तीही का राहिली हे तिला विचारायची लेहेलची छाती नव्हती. आणि गिऱ्हाईक म्हणाल तर जगाच्या पाठीवर ते एकच गाव.

फोन त्याच गावाहून होता. नगरपालिकेची सेविका तोर्न्याई इल्का बोलत होती.

"लेहेल, आमची बाकोस म्हातारी स्वयंपाकघरात कोसळली रे. शुद्ध आलीय, पण डॉक्टर मान हलवतायत. हृदयाच्या गोळ्याच घेतल्या नाहीत तिनं. सगळ्या तिथंच, टेबलावरच्या दुसऱ्या ताटलीत."

"दुसऱ्या ताटलीत?"

"दोन ताटल्या मांडल्या होत्या बाईनं. एकटीच राहते ना ती?"

लेहेलनं आणि एमोकेनं बाकोस म्हातारीच्या डब्यातलं बोलणं लावून ऐकलं. डबा मोठ्या आनंदानं म्हणत होता, "सुप्रभात, गाबोर! गोळी घेतलीस का?" मागून म्हातारीचा आवाज, "गाबोर अजून उठला नाही."

एमोकेच्या हातातला कप तसाच राहिला. "गाबोर कोण?"

"नवरा," लेहेल म्हणाला. "वारलेला."

आता ही भानगड अशी. तिकडे आडनाव आधी आणि स्वतःचं नाव नंतर. आणि जुन्या वळणाच्या बाईचं लग्न झालं की तिचं नावच जातं. नवऱ्याच्या नावाला 'ने' हे शेपूट जोडायचं की झाली ती बाई. बाकोस गाबोरची बायको ती बाकोस गाबोर्ने. दारावर तेच आणि सरकारदरबारीही तेच. लेहेलला वाटलं होतं, डब्यानं कसं मोकळं बोलावं, अरे-तुरेनं, पहिल्या नावानं. ती भाषा आपल्यासारखीच, प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतात. म्हणून त्यानं डब्याला शिकवलं की हाक मारताना नावामागचा जो असेल तो प्रत्यय तोडायचा. मित्रांच्या नावांवर तपासून पाहिलं, सगळं चोख. बायकांचा 'ने'ही त्यात तुटेल हे सुचलंच नाही. खुद्द त्याच्या आईच्या दारावर 'हायदू लायोश्ने' अशी पाटी होती. पण आईला तो आई म्हणायचा. आईच्या दारावरची पाटी कोण वाचतो?

"म्हणजे गावातल्या प्रत्येक विधवेला..." एमोके म्हणाली.

"रोज सकाळी."

 एमोके खालच्या आवाजात म्हणाली, "हे बघ, मी आत्ता दुरुस्त करते. कुणाला कळायचं नाही. म्हातारीचं हृदय आधीच अधू होतं. गुरुवार जाऊ दे, मग सांग ना खरं. कोण नाही म्हणतंय?"

"आणि गुरुवारपर्यंत अजून कुणी ताटली मांडली तर?"

"आपली चार वर्षं, लेहेल!"

तो उठून थेट गावच्या आगगाडीत जाऊन बसला.

दवाखान्यात रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून त्यानं पाकातल्या पीचची बरणी घेतली. खाटेवर म्हातारी एवढीशी दिसत होती. लेहेलनं लहानपणी शिकवलेला थोरांचा नमस्कार केला, "हाताला मुका, नेनी." नेनी म्हणजे तिकडची मावशी.

"पोरा, हल्ली एवढं कोण म्हणतं? कुणाचा तू?"

"तो डबा माझा, नेनी. मीच केला."

म्हातारीचे डोळे असे उजळले की लेहेलला ते बघवेना. "तू होय! बैस, बैस. हडकुळाच आहेस की रे. आई जेवायला घालत नाही वाटतं?"

त्यानं सगळं सांगितलं. शेपटाचं, आपल्या चुकीचं, एक शब्द गाळला नाही. म्हातारी ऐकत होती आणि पांघरुणाची कड बोटानं सारखी करत होती.

"मला काय ठाऊक नाही होय तो मेलेला?" ती शेवटी म्हणाली. "माती मीच लोटली. पण त्या स्वयंपाकघरात त्याचं नाव घेणारं कोण उरलं होतं? मुलगी कॅनडात. पहिल्या दिवशी डब्यावर फडकं टाकलं मी, रागानं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. म्हटलं, मेला डबा हाक मारतोय तर ओ द्यायला नको? मग मी कधी म्हणायची दाढी करतोय, कधी म्हणायची झोपलाय."

"आणि गोळ्या?"

"त्या त्याला सांगितलेल्या ना! मी कशा खाणार त्याच्या गोळ्या?" ती हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. मग तिनं त्याचं मनगट धरलं. "चूक झाली म्हणतोस. असू दे. देवाच्या राज्यात काही चुकाही गोड असतात, बाळा. तेवढी दुरुस्त करू नकोस. मी गोळ्या खाईन, शपथ घेते. त्याला हाक मारत राहा."

लेहेलनं पीचची बरणी तिच्या उशाशी ठेवली. खोलीबाहेर येऊन तो भिंतीला टेकला. कंपनी वाचवायची असती तर म्हातारीचा तो एक शब्द पुरेसा होता: बघा, गिऱ्हाईक स्वतः म्हणतंय, ठेवा!

तो तसाच नगराध्यक्ष सेकेरेश यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. सेकेरेशांनी चष्मा काढला. "माझी आई सेकेरेश योझेफ्ने आहे," ते म्हणाले. "वडील केव्हाच गेले. तिच्याकडंही तुमचाच डबा. परवा म्हणाली, योझेफची चौकशी करतात हो रोज. मला वाटलं, आईचं डोकं गेलं. औषध सुरू केलं मी तिला." मग त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "जा तुम्ही, हायदू. गुरुवारी येऊ नका."

लेहेलनं बाहेरूनच एमोकेला फोन केला. "सगळे डबे बंद कर. एकूण एक, आत्ताच."

"म्हणजे संपलंच."

"हो."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "केले बंद." आणि मग, "मीही निघते लेहेल. किल्ली खालच्या दुकानात ठेवते." रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी इल्काला बरोबर घेऊन तो दारोदार निघाला. कुणी कुठल्या गोळ्या घेतल्या, कुठल्या टाकल्या, बघायलाच हवं होतं. पहिलं दार वाराडी मिहाय्नेंचं. बाईंनी दार उघडलं तेव्हा डबा त्यांच्या कडेवर होता, आजारी लेकरासारखा.

"इल्का, हा दुपारपासून बोलत नाही गं. दुपारी मिहायला जेवायची हाक मारतो तो. आज मारलीच नाही."

"मी बंद केला, नेनी," लेहेल म्हणाला. "चूक होती माझी."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तोवर इल्का आत जाऊन आली. तिच्या हातात एक कप होता, काठोकाठ गोळ्यांनी भरलेला. तो तिनं लेहेलसमोर धरला.  बाकोस म्हातारीचं ऐकलं असतं तर?

"नेनी," तो म्हणाला, "तुमचं नाव काय? तुमचं स्वतःचं, आईबापांनी ठेवलेलं?"

"कशाला हवंय? या खोक्याला सांगायला?"

"नाही. मला."

"मिहायचं नाव होतं तुझ्याकडं," बाई म्हणाल्या. "काय केलंस त्याचं? माझं नाही द्यायची मी."

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

रस्ता सरळ होता आणि दोन्ही बाजूंनी घरंच घरं. खिडक्यांत दिवे लागू लागले होते. लेहेल पुढच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला, पण घंटेकडं हात जाईना. इल्कानं त्याच्याकडं पाहिलं, कप खांद्याच्या पिशवीत ठेवला आणि घंटा तिनंच दाबली.