आजीचा होकार

“मी मुद्दाम चुकीचं वाक्य बोलली, दादा. तरी आजी हो म्हन्ते,” लॅपटॉप मिटत वर्षाली म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता.

वर्षाली माझी धाकटी बहीण. अंजनगावला आमचा भाजीचा मळा. मी माल बाजारात नेतो, आणि या बाईसाहेब फिलिपीन्समधल्या एका बेटाच्या बोलीवर अमरावतीत पीएचडी करतात. एकदा तिथे राहून आली, आता तिथल्या एका म्हातारीशी व्हिडिओ कॉलवर बोलते, तिलाच आजी म्हणते. त्या बोलीत ‘मी’, ‘तू’, ‘आता’ असले चिमुकले शब्द एकटे उभे राहत नाहीत. नवरीमागे करवल्या उभ्या राहाव्यात तसे ते वाक्यातल्या पहिल्या शब्दाला बिलगून राहतात, आणि कोण आधी, कोण नंतर, हा क्रम त्या बेटाचा स्वतःचा असतो. वर्षाली वाक्य म्हणायची, असं बोलता का विचारायची. आजी हसून हो म्हणायची. त्या होकारांवर अख्खा प्रबंध उभा होता. तो सोमवारी द्यायचा होता, आणि कॉलेजातली नोकरी त्याच्यावरच अडली होती.

“म्हातारी खोटं बोलली व?” आईनं विचारलं.

“खोटं नाई व आई. मले वाईट वाटू नये म्हनून.”

“मंग बराबर हाये. घरी आलेल्या पोरीले नाई कसं म्हनन ते?”

मी म्हटलं, “देऊन टाक तसंच. इथं कोनाले समजून राहिलं?”

“पुढं तिचे नातू वाचतीन ना, दादा. आपली आजी अशी बोलत होती म्हन्तीन. खोटी आजी देऊ त्याईले?”

तिनं गाइड मॅडमना फोन करून प्रबंध थांबवला. नोकरी दुसऱ्याला गेली. मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला. खरं सांगायचं तर अभिमानच जास्त.

“आजीले सांगतलं का मंग?” मी विचारलं.

“काहून सांगू? तिनं मानच ठेवला माहा.”

आता ती वाक्यं तपासत नाही. आजीला नुसतं बोलू देते. काल आजी नवऱ्याबद्दल सांगत होती. तो होडी घेऊन गेला, परत आलाच नाही, एवढं वर्षालीनं आम्हाला हळूच सांगितलं. आई शेजारी मेथी निवडत होती. मध्येच आजी थांबली.

आईनं मेथी बाजूला सारली आणि स्क्रीनजवळ सरकली.

“बोल व माय,” ती म्हणाली, “बसलो आमी.”

आजीनं डोळे पुसले आणि पुन्हा बोलू लागली.