ढकलू नका, दोरा जाळा

तुमच्यापैकी कुणीतरी मला हातानं ढकललं. नाव घेत नाही. पण त्या धक्क्यापायी मी भंगारात जाणार होतो.

मी लोलक बोलतोय. कॉलेजच्या जिन्याच्या पोकळीत, तीन मजले उंच तारेला टांगलेला पितळी गोळा. ज्या कारागिरानं मला लेथवर घडवलं, त्यानं निरोप देताना एवढंच बजावलं, "याला ढकलू नका. दोऱ्यानं बांधा, दोरा जाळा."

प्रयोगशाळेतल्या मामांनी ते बावीस वर्षं पाळलं. रोज सकाळी मला एका बाजूला ओढून बांधायचे, माझी थरथर थांबेपर्यंत वाट पाहायचे, मग दोऱ्याला काडी लावायचे. मी सुटायचो तो नाकाच्या रेषेत. भोवती गोल मांडलेल्या लाकडी खुंट्या दिवसभरात एकेक पडत जायच्या. मी माझी रेषा सोडत नव्हतो. पृथ्वी फिरत होती आणि तिच्याबरोबर फरशी, खुंट्या, तुम्ही सगळे.

मामा निवृत्त झाले. नंतरच्यांना घाई. हाताच्या धक्क्यानं मी वेडावाकडा फिरू लागलो, खुंट्या तशाच उभ्या. "लोलक बिघडला, काढून टाका," असा शेरा विभागाच्या सरांनी लिहिला. मला उतरवायला ते शिडीवाल्याला घेऊन आले.

फरशी पुसणाऱ्या मावशींनी पोछा भिंतीला टेकवला. "सर, तो बिघडला नाही. तुम्ही त्याला ढकलताय."

"तुम्हाला येतं सोडता?"

"अकरा वर्षं मामांचं बघत होते. आता नाही आलं तर कधी येणार?"

त्यांनी मला बांधलं. सर घड्याळ बघू लागले. "लावा की काडी."

"थांबा. अजून थरथरतोय."

मग दोरा जळला. अर्ध्या तासात तीन खुंट्या आडव्या. सरांनी शेऱ्याचा कागद घडी करून खिशात घातला.

एवढी मोठी पृथ्वी फिरते, आणि ते दिसायला कुणाला तरी क्षणभर थांबावं लागतं. कारागीर थांबला, मामा थांबले, मावशी थांबल्या. मी त्यांचा ऋणी आहे. तुम्हीही जिना उतरताना एक खुंटी पडेपर्यंत थांबा.

सर शिडीवाल्याला सांगत होते, "पृथ्वी नुसती फिरत नाही, सूर्याभोवती धावतेही. सेकंदाला तीस किलोमीटर. दोरा जळल्यापासून तुमचेही चोपन्न हजार झाले."

शिडीवाल्यानं शिडी मिटली. "आणि घरी म्हणतात, मी कामावर नुसता उभा असतो."