डावीकडचे चेंडू

आई ताटाचा उजवा अर्धा भाग संपवते आणि विचारते, "एवढंच वाढलंस?" मी ताट फिरवते. "आता कसं!" म्हणत ती पुन्हा जेवू लागते. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून तिच्या जगाला डावी बाजूच उरलेली नाही. डॉक्टर म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत, मेंदूच तिकडे लक्ष देत नाही. मग ती बाजू जाते तरी कुठे? माझ्या डोक्यात हाच भुंगा. आईला विचारलं तर म्हणते, "तिकडे काही नसतंच, तर बघू कशाला?"

तिला आपल्या घरी परत जायचंय, एकटीनं राहायचंय. आपणहून डावीकडे बघेपर्यंत ते जमणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. राग मात्र माझ्यावर निघतो.

व्यायाम घेणाऱ्या ताईंनी तिला व्हीआरचा, म्हणजे आभासी खेळाचा चष्मा लावला. त्यात चेंडू तरंगत येतात. लाल झेलायचे, निळे सोडायचे; चेंडू झेलला की टिंग वाजतं. घंटा वाजली की उलट. उजवीकडचा एकही झेल आई सोडेना, डावीकडचा एकही घेईना. माझ्या लेकीचा मोडलेला हात नुकताच प्लास्टरमधून सुटला होता, तिलाही तो ताणायचा होताच. ताईंनी तिलाही चष्मा लावला आणि आजी-नातीला एकाच खेळात समोरासमोर उभं केलं. मध्ये पिवळी रेषा, आपापल्या बाजूचेच चेंडू झेलायचे.

ताईंच्या सांगण्यावरून मी हल्ली आईच्या डावीकडेच बसते. ती तिथे माझ्याकडे कधीच बघत नाही. मला कारण माहीत आहे, तरी दर वेळी वाईट वाटतं. तशीच बसून मी आईला चष्म्यात जे दिसत होतं ते पडद्यावर पाहत होते.

कार्टीनं आजीचं गुपित पहिल्याच डावात ओळखलं. दुसऱ्या डावात ती हळूच रेषा ओलांडून आजीच्या डावीकडे शिरली आणि तिथले चेंडू खुशाल लाटू लागली. टिंग. टिंग. मी ओरडणार, तेवढ्यात ताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

आईचे हात थांबले. "माझ्या बाजूला कोण झेलतंय?"

उत्तरादाखल नातीला खुदकन हसू फुटलं. आई जन्मभर शाळेत खेळाची शिक्षिका होती. तिची शिट्टी वाजली की अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं.

"रडीचा डाव!" आई कडाडली आणि तिनं मान वळवली. डावीकडे. पडद्यावर पिवळी रेषा सरकली, न झेललेले चेंडू आले, आणि त्यांच्यामध्ये चोरीचा माल धरलेले दोन हात. आईनं हात लांब करून नातीचं मनगट पकडलं. "रेषेच्या आत पाय! बाद!"

"आजी, तुला दिसलं?" पोरीचा आवाज चिरका झाला.

आईनं चष्मा काढला. मान अजून तशीच होती. तिनं थेट माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घालून.

"आणि तू गं? इथं बसून सगळं बघत होतीस ना? एक शब्द बोलली नाहीस! तूही बाद."

मला रडू फुटलं. इतक्या आनंदानं मी कधीच बाद झाले नव्हते.