चार पॉइंट नऊ सेकंद

कॉल्टन मेअर्सबद्दल मी त्या उन्हाळ्यात अकरा वेळा लिहिलं. पहिल्या दहा वेळा काय लिहिलं ते कुणाला आठवत नसेल. अकरावं मात्र मला पाठ आहे, कारण ते एकच वाक्य होतं: ‘मंगळवारी साधा सरपटी चेंडू मारून पहिल्या बेसपर्यंत चार पॉइंट नऊ सेकंद, तेविसाव्या वर्षीच ज्याला पळायचा कंटाळा येतो त्याला यादीत जागा कशाला?’

आकडा बरोबर होता. स्टॉपवॉच माझ्याच हातात होतं.

आमच्या केलर्सबर्गचा बेसबॉल संघ, हेरन्स, मोठ्या क्लबच्या उतरंडीत खालून दुसरा. इथे येतात ती पोरं विशी-बाविशीची. आज इथे, पुढच्या वर्षी वरच्या पायरीवर, नाहीतर घरी. शंभरातली दोन-चार शेवटपर्यंत पोचतात, बाकीची कुठेतरी गाड्या विकतात किंवा शाळेत खेळ शिकवतात. खालच्या या सगळ्या संघांना मिळून फार्म म्हणतात, म्हणजे शेतच, आणि आम्ही तिघं त्या शेताच्या बांधावर बसून कुठलं कणीस भरेल याचा अंदाज बांधणारे. ऑर्व्हिल प्रेंटिस हे निवृत्त पोस्टमन. रॉस्को डीक्स दुधाचा टँकर चालवतो आणि चेंडूचा वेग मोजायचं यंत्र स्वतःच्या पैशांनी घेऊन बसतो. तिसरी मी. कॉलेजात संख्याशास्त्र शिकले, विमा कंपनीत होते, आणि त्या वर्षी सात महिन्यांच्या टिलीला घेऊन घरी होते. दर ऑगस्टमध्ये आम्ही तीस आशादायक खेळाडूंची यादी काढायचो आणि क्लबच्या चाहत्यांच्या संकेतस्थळावर टाकायचो. तिथे माझं नाव होतं ‘टिलीची आई’. मी लिहिलेलं लोक वाचायचे. घरात त्या दिवसांत माझं कुणी फारसं ऐकत नव्हतं, म्हणून ते वाचणं मला फार मोलाचं वाटायचं, हेही कबूल करते.

आमचा एक नियम होता. तेव्हा खेळाडू गावातल्या लोकांच्या घरी राहायचे. ज्याच्या घरी जो खेळाडू राहतो, त्याने त्या खेळाडूबद्दल मत द्यायचं नाही. हा नियम रॉस्कोमुळे झाला. एका वर्षी त्याच्याकडे एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, राहायला होता. रॉस्कोने त्याला थेट सातव्या क्रमांकावर बसवलं, आणि खोदून विचारल्यावर निघालं काय, तर पोरगा जेवण झाल्यावर सगळ्यांची भांडी घासायचा. तेव्हापासून घरमालकाने तोंड उघडलं की आम्ही त्याला भांड्यांची आठवण करून द्यायचो.

कॉल्टन ऑर्व्हिल यांच्याकडे राहत होता.

तो मंगळवार सकाळपासूनच माझ्यासाठी वाईट होता. महिन्यात तिसऱ्यांदा मी टिलीला डॉक्टरांकडे नेलं होतं. ती श्वास घेताना मला बारीक शीळ ऐकू यायची. रात्री मी तिच्या छातीवर हात ठेवून मिनिटाला किती श्वास ते मोजत बसायचे. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी तिला तपासलं, वजन केलं, कागद माझ्याकडे वळवून दाखवला. म्हणाले की तुम्हाला वाटतं ते खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण आकडे बघा, सगळे जागच्या जागी आहेत. डोळ्यांपेक्षा आकड्यांवर विश्वास ठेवायला शिका, सुखी व्हाल. माझा नवरा ग्रँट गाडीत रेडिओ लावून बसला. बोलला असता तर बरं झालं असतं. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याच लाजेत मी दुपारच्या सामन्याला गेले.

आता जे सांगते ते तेव्हाही मला माहीत होतं. आठवडाभर मी पाहत होते की कॉल्टन खेळाडूंच्या बसायच्या खोलगट जागेत उतरताना प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी खाली ठेवतो आणि डावा मागून आणतो, म्हातारी माणसं जिना उतरतात तसा. बाकावर बसला की उजव्या बुटाची नाडी सैल करतो आणि मैदानात जायच्या आधी परत आवळतो. हे सगळं मी पाहिलं होतं. आणि त्या दुपारी मी स्वतःला म्हटलं, झालं तुझं परत सुरू. जे नाही ते दिसतंय तुला. आकडे बघ.

सहाव्या डावात त्याने चेंडू मारला, जमिनीवरून, सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात. आता चेंडू त्याच्या आधी बेसवर पोचणार आणि तो बाद होणार हे दिसतच होतं. तो पहिल्या बेसकडे निघाला तो जवळजवळ चालतच. मी बटण दाबलं. चार पॉइंट नऊ एक. असा आकडा आम्ही फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या जाडजूड, वयस्क कॅचरसाठी लिहितो. चपळ म्हणून दुसऱ्या बेसवर उभ्या केलेल्या पोरासाठी नाही.

मी वही उघडली. ऑर्व्हिल माझ्याकडे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, “ॲनिका, हा आकडा नको लिहूस.”

रॉस्कोने ऐकलंच. “आले, घरमालक बोलले. काय ऑर्व्हिल, भांडी घासतो का तुमचापण?”

मी हसले. ऑर्व्हिल लाल झाले, काहीतरी बोलणार होते, पण नियम त्यांनीही मान्य केलेला होता. ते उठले, शेंगदाणे आणतो म्हणाले, आणि दोन डाव संपेपर्यंत परत आले नाहीत. मला वाटलं, बिचारे, जीव जडलाय. एवढंच वाटलं मला. हे इतके सरळ गृहस्थ, आठ वर्षांत त्यांनी कधी कुठल्या पोराची रदबदली केली नव्हती, मग आजच का, हा प्रश्न मी विचारला नाही. नियमाने माझ्या वतीने उत्तर देऊन टाकलं होतं.

टिली झोपल्यावर मी ते वाक्य लिहिलं. मध्यरात्रीपर्यंत खाली दोनशे उत्तरं. कुणी त्याला गोगलगाय म्हटलं, आणि बुधवारी सकाळपर्यंत सगळेच गोगलगाय म्हणू लागले. मी दर दहा मिनिटांनी फोन उघडत होते. मला आनंद होत होता. तो किती होता हे आज मला सांगवत नाही.

गुरुवारी पाच वाजताच्या सामन्यात त्याने पुन्हा तसाच चेंडू मारला. आणि या वेळी तो पळाला. डोकं खाली घालून, हात असे चालवत, की आजूबाजूचे लोक उभे राहिले. बेसला पाय लागला आणि पुढच्याच पावलाला त्याने थबकून मागे वळून पाहिलं. कुणीतरी मागून पायावर लाथ मारल्यासारखं. मागे कुणी नव्हतं. मग तो खाली बसला आणि उजवी टाच दोन्ही हातांनी धरून तसाच बसून राहिला.

टाचेच्या वरची ती जाड शीर तुटली होती. ऑर्व्हिल यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. जूनपासून दुखत होतं. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बर्फाच्या बादलीत पाय बुडवून बसायचा, आणि कुणाला सांगणार नाही असं त्याने त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. क्लबच्या डॉक्टरांना कळलं असतं तर त्याला महिनाभर बसवलं असतं, त्याच्या जागी दुसरा आला असता. त्याच्यासारख्या, क्लबांच्या वार्षिक निवडीत कुणीही न निवडलेल्या पोराला दुसरी संधी देत नाहीत, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून जिथे धावून उपयोग नाही तिथे तो पाय राखून होता. उपयोग असेल तिथेच पळायचं, एवढीच त्याची हिशोबी लबाडी.

ऑर्व्हिल मला एका शब्दाने बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की तुझ्या लिहिण्यामुळे तो पळाला असं काही नाही. म्हणताना मैदानाकडे बघत होते. मैदानात तेव्हा फक्त पाणी मारणं चाललं होतं.

रविवारी मी चिकन-नूडल्सचं भांडं भरून घेतलं, टिलीला कडेवर घेतलं आणि ऑर्व्हिल यांच्या घरी गेले. कॉल्टनची माफी मागायची होती. काय बोलायचं ते गाडीत चारदा म्हणून पाहिलं होतं. दारासमोर ओक्लाहोमाची नंबरपाटी असलेली गाडी उभी होती, मागचं दार उघडं, आणि एक बाई मागच्या सीटवर उशा रचत होती. रोंडा, त्याची आई. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते हे मला ठाऊक होतं, अकरा तास गाडी चालवून आली हे ऑर्व्हिल यांनी सांगितलं होतं. ऑर्व्हिल आणि कॉल्टन त्याचं सामान आणायला मैदानावर गेले होते.

तिने आधी टिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ही टिली असणार,” ती म्हणाली.

माझ्या हातातलं भांडं तिने घेतलं आणि गाडीच्या टपावर ठेवलं. मग जीन्सला हात पुसत सांगू लागली. चाहत्यांच्या त्या पानावर ती एप्रिलपासून रोज जायची. तिच्या पोराबद्दल साऱ्या जगात लिहिणारी मी एकटीच होते. इतर कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं. एप्रिलमध्ये मी लिहिलं होतं की त्याचे हात शांत आहेत, चेंडू घरी आल्यासारखा त्याच्या हातात थांबतो. ते तिने वृद्धाश्रमात जाऊन त्याच्या आजोबांना वाचून दाखवलं होतं. दोनदा, कारण पहिल्यांदा त्यांनी कानाचं यंत्र लावलं नव्हतं.

पाठ केलेलं सगळं मी विसरले. “त्याचा पाय दुखत होता ते मी पाहिलं होतं,” मी म्हटलं. “आठवडाभर दिसत होतं मला. तरी तसं लिहिलं.”

ती एक उशी हातात घेऊन उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल, ऐकून घेऊ. ऐकायलाच आले होते.

“मलाही दिसत होतं,” ती म्हणाली. “तिकडून, सामन्याच्या चित्रफितीत. लहानपणी पडला की असाच चालायचा, दुसऱ्या पायावर भार देऊन. बुधवारी सकाळी फोन केला मी. पायाचं विचारायलाच केला होता, खरं सांगते. आणि विचारलं काय, तर लोक काय लिहितायत ते वाचलंस का. तो म्हणाला, वाचलं. मी म्हटलं, बाळा, एकदा पळून दाखव त्यांना. एकदाच.”

टिलीने माझ्या केसांना हात घातला होता. तो सोडवायचंही मला सुचत नव्हतं.

“त्याला वाटतं त्याने स्वतःच ठरवलं,” रोंडा म्हणाली. “तसंच वाटू दे. तू माफी मागायला आली असशील तर माझ्याकडे मागून झाली असं समज. त्याच्याकडे नको. तू सुरुवात केलीस की मला पुढचं सांगावं लागेल.”

मी होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात ऑर्व्हिल यांची गाडी आलीच. कॉल्टन कुबड्या घेऊन उतरला, पायाला गुडघ्याखाली जाड पट्टी. त्याने टोपी काढून मला नमस्कार केला, भांड्यासाठी आभार मानले. मी ‘टिलीची आई’ आहे हे त्याला माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. ऑर्व्हिल यांच्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसणारी बाई म्हणून नक्कीच ओळखत होता.

“मॅम, गुरुवारचं मोजलं होतं का तुम्ही?” त्याने विचारलं.

मोजलं होतं. तो खाली बसला तेव्हाही माझा अंगठा बटणावरच होता. “चार पॉइंट दोन सहा,” मी म्हटलं. “या वर्षीचा तुझा सगळ्यात चांगला.”

त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “चार दोन सहा! आई, ऐकलंस?”

“ऐकलं,” रोंडा म्हणाली आणि उशा सारख्या करायला गाडीत वाकली.

मग तो जरा लाजत म्हणाला, “जमलं तर तेवढं लिहाल का तिथे कुठेतरी? नुसता आकडा.”

मी हो म्हटलं. आम्ही त्याला मागच्या सीटवर आडवं बसवलं, पाय उशांवर ठेवला. रोंडाने आरसा नीट केला. निघताना तिने टिलीच्या पायाचा अंगठा क्षणभर चिमटीत धरला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ऑर्व्हिल आणि मी उभे होतो.

त्या दुपारी मी लिहायला बसले. ‘गुरुवारी कॉल्टन मेअर्स, चार पॉइंट दोन सहा.’ एवढं लिहून थांबले. वाटलं, लोक विचारणार, मग मंगळवारी का नाही पळाला? मग पायाचं सांगावं लागणार, मग मला ठाऊक होतं हे सांगावं लागणार, मग रोंडाला दिलेला शब्द. असं मी स्वतःला समजावलं आणि ते पुसून टाकलं. उद्या लिहू म्हटलं. सोमवारी टिलीला ताप आला, खरा ताप, थर्मामीटरवर दिसणारा. आठवडा गेला. ऑगस्टची यादी आली तेव्हा आम्ही तिसातल्या एकाही नावावर भांडलो नाही. सप्टेंबरात क्लबने सोडून दिलेल्या एकोणीस पोरांची नावं लागली. त्यात त्याचं सातवं होतं.

रोंडाला दिलेला शब्द नुसत्या आकड्याने मोडला नसता, हे मला त्या दुपारीही कळत होतं. मला भीती होती ती दोनशे लोकांची, ते मला काय म्हणतील याची. तिकडे ओक्लाहोमात पाय उशीवर टाकून पडलेला तो पोरगा, आणि शाळेतून थकून आलेली त्याची आई, दोघंही रोज ते पान उघडत असणार. आधी तासातासाला, मग दिवसातून एकदा. नक्की कुठल्या दिवशी त्यांनी उघडायचं थांबवलं, ते मला कधी कळणार नाही.