पडद्याच्या चालीनं चाललेली मोटार

मित्रांनो, जरा हळू या. माझ्या मागच्या आसनावर तांबडी कोंबडी अंडी उबवते आहे, आणि ती मोठी चिडकी आहे. मी एक जुनी, दुमडत्या टपाची मोटार आहे. सोनाळ्याच्या या गोठ्यात माझ्या एका अंगाला कडबा रचलेला आहे, दुसऱ्या अंगाला म्हातारी म्हैस बांधलेली आहे. बसा त्या दगडावर. मी फार थकले आहे, पण सांगते.

माझा जन्म विलायतेतला. ज्यांनी मला घडवलं त्यांनी माझं अंग हलकं ठेवलं आणि इंजिन मात्र भारी बसवलं. मी ताशी सत्तर मैल धावत असे. खामगावच्या कापसाच्या जिनातल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, एका गोऱ्या साहेबानं मला आगबोटीनं मागवलं. साहेब एकटा होता आणि त्याला सदा घाई असे. सकाळी टप मागे दुमडायचा, अकोल्याच्या सडकेला लागायचं, की बाभळी कशा हात धरून मागे पळत. ते माझे सुखाचे दिवस. पुढे साहेब मायदेशी गेला आणि मी जिनाच्या आवारात धूळ खात उभी राहिले.

तिथं मला भगवानरावांनी पाहिलं. सोनाळ्याचं जुनं, शेतीभातीचं घर. त्यांना वाटलं, घरच्या सगळ्या माणसांना घेऊन हिंडावं, हसावं, चार गावं पाहावीत. पण त्यांनी जन्मात बैलांखेरीज काही खरेदी केलं नव्हतं. मलाही त्यांनी बैलासारखंच पारखलं. चाकांवर थापा मारल्या, दिव्यांत डोकावून पाहिलं, झाकण उघडून माझ्या श्वासाला कान लावला. आवारात तीन फेऱ्या मारायला लावल्या, लंगडते का म्हणून. मला विकणारा दलाल भला होता. तो म्हणाला, ही दोघांच्या मस्तीची गाडी आहे, बिऱ्हाडाची नाही. भगवानराव हसले. गोऱ्हाही जुंपेपर्यंतच मस्ती करतो, म्हणाले.

सगळं पाहिलं त्यांनी. एक टप तेवढा पाहिला नाही. बैलाला टप नसतो ना.

मी घरी आले तेव्हा दाराआडून बांगड्या किणकिणल्या, पण बाहेर कुणी आलं नाही. आले ते वामनराव, भगवानरावांचे काका. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि मिशीवरून हात फिरवला.

"एवढा मोठा झाला भगवान, अन् भिंती नसलेलं घर घेऊन आला. याच्यात बाया बसतीन कशा?"

मित्रांनो, त्या घरात गोषा होता. घरच्या बायकांनी परक्यांसमोर यायचं नाही. कुठं जायचंच झालं तर बैलांच्या दमणीला चारी बाजूंनी पडदे बांधून जायचं. हौसेनं माझी खरेदी करताना भगवानरावांना हे आठवलंच नव्हतं.

मग मंजुळाबाईंनी, म्हणजे भगवानरावांच्या पत्नीनं, जुन्या लुगड्यांचे पडदे शिवले. माझा टप वर चढवून पट्ट्यांनी आवळला आणि चहूकडून ते पडदे लोंबू लागले. आत बायका घामानं भिजत. पुढं, गाडी हाकणाऱ्या भगवानरावांच्या शेजारी, काका काठी घेऊन बसत. मी जरा वेग घेतला की पडदा फडफडे, आणि पडदा फडफडला की काकांची काठी माझ्या पत्र्यावर वाजे. सत्तर मैल धावणारी मी, वरवट बकालच्या बाजाराला पडद्याच्या चालीनं जाऊ लागले. एकदा एक गाडीवान मला मागं टाकून गेला आणि वळून म्हणाला, "काऊन बाप्पा, तब्येत बरी नाही का मोटारीची?" माझ्या इंजिनाला जो शिणवटा आला तो धावून नाही आला, मित्रांनो. रोखून धरण्यानं आला.

आत बसणाऱ्यांत एक सत्यभामाबाई होत्या, भगवानरावांच्या आई. त्यांचं माहेर लोणारचं. नऊ वर्षांच्या असताना पडद्याच्या दमणीतून त्या इकडं आल्या. माहेरी गेल्या त्याही पडद्यातून. बाजाराच्या वाटेवर त्या बारीक आवाजात म्हणत:

माहेराची वाट बाई, कशी काळी का पांढरी
गेली मी पडद्याआड, डोये ठेवूनिया घरी

आणि आता त्यांची नजर विझत चालली होती. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, फार तर दोन हिवाळे. त्यांनी मुलाजवळ एवढंच मागितलं, की डोळे जाण्याआधी लोणारची वाट आणि तिथलं हिरवं तळं एकदा पाहायचं. भगवानराव हो म्हणाले. पण कपाशीची वेचणी होती, मग लग्नसराई आली, मग काका म्हणाले की एवढ्या लांब, चार गावांतून, बरं दिसत नाही. हो म्हणता म्हणता ते वर्ष गेलं. पुढचंही अर्धं गेलं.

अखेर पौषात आम्ही निघालो. पूर्णेच्या वाळूत मी रुतले, तेव्हा बैलांनी मला ओढून काढलं. घाट चढताना मला धाप लागली, पाणी पाजावं लागलं. मेहकर मागं पडलं, आणि मोकळ्या माळावर आतून आवाज आला, गाडी थांबव. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला मळमळतं आहे.

"हा टप काढ," सत्यभामाबाई म्हणाल्या.

भगवानराव काकांकडं पाहू लागले. काका समोर पाहत म्हणाले, "वहिनी, लोकं पाहातीन."

"पाहू द्या, भाऊजी. पन्नास वर्सं त्यायनं मले पाह्यलं नाही, अन् म्या त्यायले. आता मले सारं धुरकट दिसून राह्यलं. आणखी दोन महिन्यांनी पडदा काय अन् उघडं काय, मले एकच."

 मग काका खाली उतरले. काठी त्यांनी बांधावर ठेवली. पट्ट्याची कडी गंजली होती, पण ती त्यांनीच सोडली. टप मागं पडला. इतक्या वर्षांनी माझ्या अंगाला आभाळ लागलं.

"भगवान, आता साहेबासारखी पयव," म्हातारी म्हणाली.

मी धावले. जीव तोडून धावले. तिचा पदर डोक्यावरून उडाला. मंजुळाबाईंनी तो सावरायला धरला आणि मग आपणच सोडून दिला. सत्यभामाबाई दोन्ही हातांनी माझा काठ धरून मान उंच करून पाहत होत्या. एका वळणावर सडकेच्या बाजूला गव्हाचा हिरवा पट्टा लागला. लोणार अजून दोन कोस होतं.

"आलं," त्या म्हणाल्या. "हिरवं दिसून राह्यलं. माह्यं तयंच हाय ना ते?"

भगवानरावांनी मला हळू केलं. मंजुळाबाईंनी तोंडाला पदर लावला. तेव्हा ते कडक वामनराव मागं वळले.

"हाव वहिनी," ते म्हणाले. "तयंच हाय."

त्या खूप वेळ त्या गव्हाकडं पाहत राहिल्या. खरं तळं आलं तेव्हा त्या माझ्या पाठीला टेकून झोपल्या होत्या. चेहरा इतका निवांत होता की कुणी उठवलं नाही.

त्यानंतर माझा टप कुणी पुन्हा चढवला नाही. पडद्यांची घरात पायपुसणी झाली. पुढं लढाई आली, पेट्रोलला कूपन लागलं, आणि मी या गोठ्यात आले. उघडी असल्यानं पावसाचं गळतं पाणी थेट माझ्या आसनांत मुरलं. आता मला गंज चढला आहे. त्याची तक्रार नाही.

सत्यभामाबाई गेल्या. वामनराव अजून संध्याकाळी येतात. खांद्यावरच्या उपरण्यानं माझे विझलेले दिवे पुसतात आणि हळूच विचारतात, "दाखोलं ना वं आपन तयं वहिनीले?" मला हो म्हणता येत नाही, आणि नाही म्हणवत नाही.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी आडोशाला बसून, मला एकदा अमुक पाहायचं आहे, असं म्हणत असेल, तर त्याला वेचणीनंतर म्हणू नका, लग्नानंतर म्हणू नका. कडी गंजण्याआधी पट्टा सोडा. गव्हाला तळं म्हणण्याची वेळ कुणावर आणू नका.