नववा टाका

सकाळचा उजेड आमच्या दुकानात कधी घाईने आला नाही. आधी तो समोरच्या भिंतीच्या माथ्यावर थबके, मग दाराच्या फटीतून फरशीवर एक बारीक रेघ ओढी. ती रेघ चिंध्यांच्या ढिगावरून, खडूच्या तुकड्यांवरून, टांगलेल्या अर्धवट कोटाच्या बाहीवरून सरकत शेवटी माझ्या चाकापाशी येई. हवेत तरंगणारे सुताचे तंतूही तेव्हा सोन्याचे वाटत. त्याच उजेडात मास्तर सुईत दोरा ओवीत. मित्रांनो, मी त्यांचे शिवणयंत्र. आज काचेआड बसलेले, गंजलेले, आणि फार वर्षे एका माणसावर डूख धरून राहिलेले.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या काळ्या अंगावर सोनेरी वेल होती. मास्तरांच्या हाताखाली ती पुसत गेली, याचा मला अभिमानच वाटे. गावाला ते फक्त कोट शिवणारे म्हणून ठाऊक होते. परक्या सरकारविरुद्ध लढणारी मंडळी मात्र त्यांच्या शब्दावर चालत. मास्तर कोटाच्या पाठीला दुहेरी अस्तर घालीत आणि मध्ये पत्रके दडवीत. ती शिवण ते स्वतः, माझ्यावरच घालीत. हे त्यांना, त्यांच्या बहिणीला, म्हणजे ताईला, आणि मला एवढ्यांनाच ठाऊक होते.

कोपऱ्यात काजकाका बसत. ते हाताने काज करीत आणि पोलीस चौकीतल्या गणवेशांना बटणेही लावून देत. एकदा त्यांनी एक कोट उलटा करून पाहिला.

"मास्तर, दुहेरी अस्तर? गिऱ्हाइकांना हल्ली थंडी फार वाजते वाटतं."

"वय झालं त्यांचं, काका. तुमच्यासारखं."

"माझं राहू द्या. तुमच्या या म्हातारीच्या चक्राचा दात गेलाय. दर नववा टाका सोडतेय. दुरुस्तीला द्या."

"आठ दिवस अडकून पडेल ती. आणि आतली शिवण कोण बघायला बसलंय?"

त्या दिवशी काका माझ्या मनातून उतरले. माझ्या टाक्यांना नावे ठेवणारा माणूस सरळ कसा असेल? मी त्यांच्यावर पाळत ठेवली. ते दारात रेंगाळले, तर कोणासाठी? लवकर उठून गेले, तर कुठे? गणवेश पोहोचवून ते हसत परतले, की माझ्या मनात पाल चुकचुके.

मग एका सकाळी, शिंप्यांची दुकाने एकामागून एक तपासत, पोलीस अधिकारी आमच्याकडे आला. निरनिराळ्या शहरांत पकडलेले पाच कोट हवालदाराने मेजावर उलटे मांडले. अधिकाऱ्याने एक चिंधी माझ्या सुईखाली सरकवली आणि स्वतः चाक फिरवले. मला वाटले, साहेबाला शिवणकामाची हौस दिसते. त्याने चिंधी कोटांशेजारी धरली, घडी करून खिशात घातली आणि मास्तरांना म्हणाला, "चला."

मी मात्र काकांकडे बघत होते. ते मान वर न करता काज करीतच राहिले. मला तेवढा पुरावा पुरला.

मास्तर तुरुंगातून परतले नाहीत. काही दिवसांनी काका तेलाची बाटली घेऊन आले.

"ताई, मशीनला तेल घालतो. गंजेल नाहीतर."

"दारातच थांबा, काका. चौकीत ऊठबस असलेल्या माणसाचं तेल नको आम्हाला."

 काका बाटली उंबऱ्यावर ठेवून निघून गेले. पुढे त्यांना कोणी काजांचे काम देईना. ते वारले त्या दिवशी आमचे दुकान उघडेच होते. मला बरे वाटले, हे लपवत नाही.

परके सरकार गेले. चौकात मास्तरांचा दगडी पुतळा उभा राहिला. त्याच्या कोटाला एकही शिवण नाही. मला या स्मारकाच्या खोलीत आणले. परवा पोलिसांच्या जुन्या दप्तरातली ती चिंधी माझ्या शेजारी लावली गेली. शाळेच्या बाई मुलींना म्हणाल्या, "टाके मोजा बरं."

"सात, आठ... बाई, इथे टाकाच नाही. पुढेही तसंच."

मित्रांनो, आपल्या यंत्रांना वेळेवर तेल घाला. आणि कोणी तुमचा दोष दाखवला, तर त्याच्यावर डोळे रोखण्याआधी एकदा आपली शिवण उलटून बघा.

काकांनी कोणाला काही सांगितले नव्हते. मास्तरांना मी पकडून दिले.