पाहुण्यांम्होरं पाय

"झाकून ठेव म्हणतीय ना मी, मग झाकून ठेव," तफिदा म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"ही मूठ न्हाई बये, हा पाय हाय," नबविया म्हणाली. "आन् झाकायला तंबू लागंल."

जावाजावांचं हे भांडण सकाळीच जुंपलं. मी शेजारीण, मधी बसून बदकाची पिसं उपटत होते. त्या सांजच्याला नबवियाच्या शैमाला मागणी घालायला कालव्यापल्याडच्या गावचे लोक यायचे होते. पोरगा सब्री, त्याची आई आन् आजा हाजी मुतवल्ली. आजाच्या मनाला आलं की तिथंच फातिहा म्हणायची, म्हंजी सोयरीक पक्की. त्या घरात आजा म्हणंल ती पूर्व दिशा.

नबवियाचा डावा पाय हत्तीपाय. भातलावणीच्या वयात डासानं दिलेलं दुखणं. घोटा कुठं आन् पोटरी कुठं, शोधून सापडायचं न्हाई. पण त्या पायाची बडदास्त बघावी. रोज साबणानं धुवायचा, बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करायच्या, कुठं चीर दिसली तर मलम, मग बोटांपासनं वर पट्टी. म्हशीची धार एक वेळ उशिरा निघंल, पायाची सेवा चुकायची न्हाई. आन् दिवस कलला की सूज उतराया पाय उशीवर. एका लावणीला तिनं हे सगळं चुकवलं आन् दिवसभर चिखलात उभी राहिली, तर असा ताप भरला की आम्ही तिला गाढवाच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईनं लई झापली. तवापासनं ती पायाला भिती, माणसांना न्हाई.

तफिदाचं बी खोटं नव्हतं. मागचं स्थळ ह्या पायापायीच गेलं. "पोरीला बी हुईल" म्हणत ती माणसं चहा अर्धा टाकून उठली. शैमा तवा चार दिवस जेवली न्हाई.

"बरं, झाकते," शेवटी नबविया म्हणाली. "लेकीसाठी झाकते, तुझ्यासाठी न्हाई."

ऊन असं की कालव्याचं पाणी बी कोमट झालेलं. त्यात मातीची भट्टी पेटलेली. नबवियानं भाकरी भाजल्या, बदकं भरली, अंगण झाडलं, दिवसभर टेकली म्हणून न्हाई. पाहुणे यायचे दुपारी, आले दिवस बुडताना. त्यांची टुकटुक रिक्षा कालव्याच्या काठावर रुतली होती म्हणं.

हाजींना मानाच्या जागी बसवलं. नबविया बाजूच्या लांब बाकावर, बाकाचं टोक हाजींकडं, पायघोळ काळ्या झग्यात पाय लपवून. शैमानं चहा दिला. हाजींनी पाण्याच्या पंपाची गोष्ट काढली. पंप घेतला, पंप बिघडला, पंप दुरुस्त झाला, पुन्हा बिघडला. माणूस भला, पण जीभ लांब.

नबवियाच्या ओठावर घाम आला. झग्याखालनं मला पट्टीची कड दिसत होती, मांसात रुतलेली.

"वर घे," मी कानात म्हणाले.

"गप बस."

पंप तिसऱ्यांदा बिघडला तवा मात्र तिचा धीर सुटला. "हाजी, माफी असावी," म्हणाली, आन् दोन्ही हातांनी पाय उचलून बाकावरच्या उशीवर ठेवला. तळवा बरोबर हाजींच्या दाढीसमोर.

तफिदानं डोळेच मिटले.

हाजींनी पेला खाली ठेवला. "बाई, माझ्या घरात कुत्रं बी माझ्याकडं पाय करून झोपत न्हाई." आन् काठी घेऊन उठले. सब्रीची आई बी पदर सावरत उठली.

"हाजी, तुमचा अपमान करायचा असता तर माझं तोंड पुरं हुतं," नबविया म्हणाली. "पाय कशाला दुखवला असता? हे दुखणं डासानं दिलंय, बापानं न्हाई. पोरीला लागायचं न्हाई. पण आत्ता खाली सोडला तर रातच्याला ताप यील. मला लेकीचं लग्न बघायचंय, उभ्यानं."

"मग दुसऱ्या बाजूला कर."

"दुसऱ्या बाजूला मक्का हाय, काबा हाय. तिकडं करू?"

हाजींनी काठी ह्या हातातनं त्या हातात घेतली. बसावं तर मान जातो, जावं तर कारण पटत न्हाई. दाराशी शैमा तबक घेऊन उभी. गेलं हेबी स्थळ, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात सब्री उठला. तोवर पोरगं घुम्यावानी बसलेलं. तो आला, बाकाच्या टोकाला नबवियाकडं तोंड करून बसला आन् पाय उशीसकट उचलून मांडीवर घेतला.

"आता माझ्याकडं हाय, आजोबा," म्हणाला. "माझी तक्रार न्हाई."

मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू. नबवियाला मात्र कसलं रडू. ती म्हणाली, "अजून वर धर. काळजाच्या वर पाय्जे."

त्यानं उशी खांद्याजवळ नेली.

"हां. आता कसं."

हाजी नातवाकडं बघत राहिले. "ह्यानं घरात कधी पाण्याचा तांब्या उचलला न्हाई," सुनेला म्हणाले.

"म्हणूनच म्हणते, बसा," सून म्हणाली. पदराआड हसत होती ती.

हाजी बसले. काठी भिंतीला लावली. "चला, फातिहा म्हणू. हात पसरा."

सगळ्यांनी हात पसरले. तफिदानं डोळे उघडले आन् सगळ्यांच्या आधी पसरले.

"सब्री, तुझे हात?"

"भरलेत, आजोबा."

"बरं बरं. मी भरभर म्हणतो."

"सावकाश म्हणा, हाजी," नबविया म्हणाली. "आत्ता कुठं ठणका उतराया लागलाय."

हाजींनी तिच्याकडं बघितलं, मग नातवाच्या थरथरत्या दंडांकडं बघितलं, आन् एकेक शब्द सुटा करत, निवांत फातिहा म्हटली.